आईचा एकटीचा फोटो

बाबा,

तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. कारण सोपं आहे, तुम्हाला वाचायचा कंटाळा होता. लग्नाची पत्रिका आली तरी तुम्ही फक्त तारीख बघायचात, त्या दिवशी फोटोचं काम आहे की नुसतं जेवायला जायचं आहे एवढ्यापुरती. आई गेली. दोन महिने झाले. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या अठरा दिवस आधीचं, एका फोटोचं, आणि ते दुसऱ्या कोणाला सांगितलं तर मोबाईल बदला म्हणतील. तुम्हाला निदान उजेडाचं कळत होतं.

आता फोटो मोबाईलवरच काढतात. तात्यापाऱ्याच्या चौकात आपलं फोटोचं दुकान होतं तिथे हल्ली मोबाईलची कव्हरं विकतात, म्हणजे धंदा अगदीच परका झालेला नाही. या मोबाईलमध्ये एचडीआर नावाची एक सोय असते. बटण एकदाच दाबायचं, पण आतल्या आत तो भराभर चार-पाच फोटो काढतो, काही अंधारे, काही उजळ, आणि प्रत्येकातला बरा भाग घेऊन सगळ्यांचा मिळून एक करून देतो. खिडकीबाहेरचं आभाळही दिसतं आणि खिडकीशी बसलेल्या माणसाचं तोंडही. तुम्ही हेच हातानं करायचात. फोटो मोठा करायच्या एन्लार्जरखाली कागद ठेवून, तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा तुम्ही चेहऱ्यावर हलवत राहायचात, तोंड काळं पडू नये म्हणून. मग दोन्ही तळव्यांमध्ये थोडी फट ठेवून तेवढ्यातून खिडकीला जास्तीचा उजेड द्यायचात. ओठ हलत असायचे, सेकंद मोजत असायचात. मी मध्ये काही विचारलं तर 'चूप' एवढंच उत्तर मिळायचं.

मी नववीत असताना तुमचा जुना कॅमेरा न विचारता घेऊन आईचा फोटो काढला होता, आठवतं का? ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी तांदूळ निवडत होती, आणि मला ती तशी फार छान दिसली होती. तुम्ही ते रीळ धुतलं, फोटो कागदावर काढला, तर आईचं तोंड तव्यासारखं काळं आणि मागे खिडकी पांढरीफटक. कागद ओला होता तोवरच तुम्ही फाडलात. "गिऱ्हाइकानं पाहिलं तं म्हणन, याच दुकानातला आहे. पहिले माणसाले कुठं बसवाचं ते शिक, मंग बटन दाब." आई हसली आणि तिनंच ते तुकडे उचलून केरात टाकले. मला तुमच्यापेक्षा तिचा राग जास्त आला होता. स्वतःचं तोंड केरात टाकताना माणसाला काहीतरी वाटायला पाहिजे, असं मला त्या वयात वाटत होतं.

तिला सवय होती, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. कोणी मोठं गिऱ्हाईक यायचं असलं की तुम्ही आधी आईला हाक मारायचात. ती पिठाचे हात पदराला पुसत पुढे यायची, स्टुलावर बसायची. तुम्ही दिवे इकडून तिकडे सरकवायचात, हनुवटी वर, मान जरा डावीकडे, आणि मग गिऱ्हाइकाला म्हणायचात तसं तिलाही हिंदीतच म्हणायचात, "साँस रोको." ती श्वास धरून बसायची. तुम्ही "झालं" म्हटलं की सोडायची आणि पुन्हा पोळ्यांकडे जायची. कॅमेऱ्यात फिल्म नसायची. नुसता उजेड बघायचा तर फिल्म कशाला वाया घालवायची. तात्यापाऱ्यात तिच्याएवढं कॅमेऱ्यासमोर दुसरं कोणी बसलं नसेल, आणि तिचा एकटीचा एकही फोटो आपल्या घरात नव्हता. फोटोत ती होती ती सगळी कोणा ना कोणाच्या लग्नात, तिसऱ्या रांगेत, अर्धी.

आणि तिनं तुमचे ते दुसरे फोटोही पाहिले होते. माणूस गेलं की लोक एखादा लग्नाचा ग्रुप घेऊन यायचे, त्यातलं बोटाच्या पेराएवढं तोंड दाखवायचे, आणि तुम्ही ते कापून, मोठं करून, हार घालायचा फोटो बनवून द्यायचात. शेजारच्याचा हात खांद्यावर राहून जायचा. तो तुम्ही ब्रशनं झाकायचात, तरी ज्याला माहीत असेल त्याला दिसायचा. वाळवायला तीच लावायची ना सगळे.

दोन वर्षांपासून आई माझ्याकडे होती, समता कॉलनीत. तिची फुप्फुसं कडक होत चालली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन आणलं होतं, दिवसभर नाकात नळी. आडवं पडलं की तिचा जीव घाबरायचा म्हणून ती खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहायची, झोपायचीही तशीच. दुसऱ्या खोलीपर्यंत चालत गेली तर अर्धा तास बोलता यायचं नाही. एक दिवस मी भाजी चिरत बसले होते तर म्हणाली, "माह्या मरणावर कोणाच्या लग्नातून कापलेलं तोंड नको लावजो व. माहा एक फोटो काढ. एकटीचा."

"तू कुठं मरून राहिली," मी म्हटलं.

"तू काढून तं ठेव. आन् नळी नको त्यात. नळी घालून काय फोटो काढतेत?"

तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच वस्तू असेल. मला वाटलं, यात काय आहे, दोन मिनिटांचं काम.

पहिल्या दिवशी नळी काढली आणि फोटो काढला. मोबाईलनं बाहेरच्या कडुनिंबाचं पान न् पान दाखवलं. आईच्या केसांभोवती मात्र एक पांढरी रेघ आली, गाल पीठ थापल्यासारखे गुळगुळीत, आणि कानाच्या बाजूला अजून अर्धा कान. मी परत काढला तर दोन हनुवट्या. तिला दाखवला तेव्हा तिनं चष्मा वरखाली करून पाहिलं आणि विचारलं, "हे कोण होय?" मग थोडा श्वास गोळा करून म्हणाली, "तुह्या बापाचं बरं होतं. फिल्मच नव्हती."

मी बंगलोरला मुलीला फोन केला. तुमची नात बाबा, तुम्ही पाहिलेली नाही. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "मम्मी, वो चार-पाँच फोटो जोड़ता है ना. बीच में कोई हिला तो डबल आएगा. नानी हिल रही है."

"ती हिलत नाही. श्वास घेते आहे."

"हाँ, तो वही. सेटिंग में जाके एचडीआर बंद कर दो."

दुसऱ्या दिवशी मी ते बंद केलं. आता आई एकच आली, कान दोनच, पण तोंड काळं. अगदी नववीतला फोटो. पडद्यावर तिच्या चेहऱ्याला बोट लावलं की एक लहानसा सूर्य येतो, तो वर सरकवला तर तोंड दिसायला लागलं, पण खिडकीचा उजेड एवढा भडकला की त्यानं तिचे अर्धे केस खाऊन टाकले. मी भिंग पुसलं. हात हलू नये म्हणून मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला. खिडकीवर चादर लावून पाहिली तर ती कासावीस झाली, "बंद नको करू व, जीव घाबरते." खुर्ची फिरवावी तर तोंडावर वारा आला की तिला धाप लागायची, खिडकीकडे पाठ केल्याशिवाय तिला मोकळा श्वासच येत नसे. माणसाला कुठं बसवायचं ते आधी शिक म्हणालात ना? मला कळत होतं कुठं बसवायचं. तिला तिथे बसता येत नव्हतं, त्याचं काय करायचं ते तुम्ही शिकवलं नाही. प्रत्येक वेळी नळी काढायची, एखादं मिनिट, परत लावायची. ती एकदाही पुरे म्हणाली नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता, आभाळ भरलेलं, उजेड मऊ. मी मनाशी म्हटलं, आज जमेल. तिनं निळी सुती साडी नेसून घेतली, केस विंचरून घेतले. एचडीआर परत चालू केलं. पहिला फोटो काढला तर पडद्यावर तो क्षणभर फार सुंदर आला, आईच होती ती. मग ते लहानसं चाक फिरायला लागलं, मोबाईल आपलं जोडायचं काम करायला लागला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा परत पिठाचा झाला. मला इतका संताप आला. मी म्हटलं, "सरळ बस आता, हं," आणि मान खाली घालून सेटिंगमध्ये शिरले. एकाखाली एक शब्द, कशाचं काय ते कळेना, एक बंद करावं तर दुसरं सुरू व्हायचं. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

बाबा, मी 'हं' म्हटल्यापासून ती श्वास धरून बसली होती. ज्या बाईला श्वास घेता येत नव्हता ती. मी वर पाहिलं तेव्हा तिचे ओठ जांभळे झाले होते आणि पाठ ताठ होती. त्या घाईत बोट लागून एक फोटो निघाला. मी नळी लावली, मशीन वाढवलं, पाठ चोळली. पाऊण तासानं ती बोलू शकली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तू झालं म्हटलंच नाही. मी वाट पाहून राहिली."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, आला का फोटो. मी म्हटलं आला. दाखव म्हणाली तर मी म्हटलं, प्रिंट काढून आणते, मग मोठा बघ. आणलाच नाही. रोज ऑफिसातून येताना ठरवायचे आणि रोज दुसऱ्या रस्त्यानं घरी यायचे. दोन आठवड्यांनी ताप आला, दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी संपलं. डॉक्टर म्हणाले, माताजी के फेफड़ों में कुछ बचा ही नहीं था. मी मान हलवली. त्या रविवारबद्दल त्यांना विचारता आलं असतं. त्यांनी कदाचित म्हटलं असतं की त्यानं काही फरक पडला नाही. पण कदाचित दुसरंच म्हटलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

तेरवीसाठी फोटो पाहिजे होता आणि माझ्या मोबाईलमध्ये एकच धड होता. फोटोवाल्यानं मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "दीदी, बहुत साफ आई है, मोबाइल की लगती नहीं. बैकग्राउंड बदल दूँ? साड़ी भी बदल जाएगी." मी म्हटलं काही बदलू नको, फक्त ब्लॅक अँड व्हाईट कर. तेरवीला आलेल्या सगळ्यांना वाटलं, मी तुमच्या आठवणीनं तसा केला. फोटोग्राफरची मुलगी आहे शेवटी, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. नागपूरची मावशी हार नीट करता करता रडायला लागली, "किती शांत दिसून राहिली माही बाई."

हे मी ऑफिसातून आणलेल्या कोऱ्या कागदांवर लिहिते आहे. दुपारची वेळ आहे, मशीन परत देऊन टाकलं त्यामुळे घरात आवाज नाही. खुर्ची अजून तिथेच आहे, मी त्या खोलीत बसत नाही. बरं वाटेल म्हणून लिहायला घेतलं होतं, काही बरं वाटलेलं नाही. हे कागद कुठे जाणार नाहीत हे मला माहीत आहे, मुलीच्या हातालाही लागू देणार नाही, लिहून झालं की फाडेन. म्हणूनच एक गोष्ट दुरुस्त करते.

घाईत बोट लागलं असं वर लिहिलं आहे, फोटो कसा निघाला विचारणाऱ्यांनाही मी तेच सांगितलं, ते खरं नाही. सेटिंगमधून परत कॅमेऱ्यात येऊन मी मान वर केली तेव्हा आई मला आधी पडद्यावर दिसली. ओठ तेव्हाच जांभळे होते, ते कोणाला दिसू नयेत म्हणून फोटोचा रंग काढला. डोळे माझ्याकडे लागलेले होते. मला सगळं कळलं, बाबा, त्याच क्षणी कळलं. पण तीन दिवसांत पहिल्यांदा ती जराही हलत नव्हती. मी बटण दाबलं, ते चाक फिरून थांबेपर्यंत मोबाईल हलू दिला नाही, आणि मग नळी घेतली.