जुन्या भाडेकरूची सही

२ एप्रिल

घर मिळालं. एकदाचं मिळालं! बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी कामाला जाते त्या दुकानापासून चालत अकरा मिनिटं; घड्याळ लावून बघितलं. याआधी चौदा घरं पाहिली होती. एका मालकाला नवरा हवा होता, दुसऱ्याला मूल नको होतं, तिसऱ्याला दोन्हींबद्दल सविस्तर माहिती हवी होती. इथं कुणी काही विचारलं नाही. भाडं ऐकून मीच दोनदा विचारलं, तर इमारतीचा कारकून म्हणाला, बरोबर ऐकलंत.

घर सामानासकट आहे. लोखंडी पलंग, कपाट, खिडकीजवळ टेबल. टेबलाचा खालचा खण उघडत नाही. खिडकीतून खालचा इस्त्रीवाला दिसतो, पलीकडे किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी, त्यापलीकडे शाळेचं फाटक. शाळा दिसली आणि मला रडूच आलं. खारू या फाटकातून आत जाईल आणि मी चहा पिता पिता इथून बघेन.

खारू म्हणजे माझी लेक. वय सात. दिवसभर काहीतरी कुरतडत असते म्हणून खारू. नवऱ्यानं दुसरीकडे संसार थाटला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती दादा-वहिनीकडे आहे आणि मी बायकांच्या होस्टेलात एका कॉटवर. दादाला मूल नाही. मागच्या महिन्यात त्यानं तोंडावर सांगितलं, की जूनच्या आठ तारखेपर्यंत घर आणि शाळा दाखव, नाहीतर आम्ही तिला रीतसर दत्तक घेतो. वहिनी नुसती मान हलवत होती. आता दाखवते दोघांना घर.

३ एप्रिल

भाडं कमी का, ते आज कळलं. कारकून रजिस्टर घेऊन आला. सडपातळ, अतिशय नम्र माणूस. भाडं साठ वर्षांपूर्वीचं आहे आणि ते ज्या आजींच्या नावावर आहे त्यांनी जागा सोडलेली नाही, असं कागद म्हणतो. त्यांनी सोडली तर मालक इमारत पाडायला मोकळे, आणि मग कारकुनाची नोकरीही गेली. म्हणून आजी इथंच राहतात असं दाखवायचं. मी फक्त दर आठवड्याला त्यांच्या नावानं सही करायची.

आजी खरंच कुठं आहेत, असं मी विचारलं. आहेत की, म्हणाला.

मला पटलं नाही. पण चौदा घरं आठवली आणि सही केली. कारकुनानं ती जुन्या सहीशेजारी धरली आणि सरावाची गरज आहे म्हणाला. दुकानात जायला खाली उतरले तर इस्त्रीवाल्यानं विचारलं, नव्या आजी का? मी चौतीस वर्षांची. दिवसभर हसत होते.

९ एप्रिल

रोज दुकानातून आल्यावर एक पान सह्या करते. शाळेत शिक्षा म्हणून लिहायचो तसं. आजींचं अक्षर बारीक, उभं, गोल. एकेक अक्षर मांडी घालून बसल्यासारखं. माझं नेमकं उलटं. दर रविवारी मी खारूला चिठ्ठी पाठवते, तेव्हा ती म्हणते, आईची अक्षरं बस पकडायला पळतात.

आज कारकुनानं सही बघितली आणि म्हणाला, आता जमलं. मलाही बरं वाटलं, मी का खोटं लिहू.

१७ एप्रिल

शाळेत गेले. पत्त्याचा पुरावा हवा. माझ्या नावावर पत्ता कुठला! रडकुंडीला येऊन कारकुनाकडे गेले, तर त्यानं चुटकीसरशी मार्ग काढला. पुरावा आजींच्या नावावर आहे, तेव्हा अर्ज आजींनी करायचा. पालक म्हणून आजींची सही. मुलीशी नातं या रकान्यात लिहायचं : नात.

पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. ज्या पोरीला नऊ महिने पोटात वाढवलं, तिच्यापुढं स्वतःच्या हातानं नात लिहायचं? मग दादाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. लिहिलं. कागदच तर आहे, कागदानं काय होतंय.

प्रवेश मिळाला.

४ मे

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचा म्हणते. आज गिऱ्हाईक नव्हतं म्हणून स्वतःचे डोळे तपासले. जवळचा नंबर अडीच निघाला. एवढा नंबर साठीतल्या लोकांना असतो. मार्चमध्ये मला नंबरच नव्हता. यंत्र बिघडलंय म्हणून दुसऱ्या यंत्रावर बघितलं. अडीचच.

शेठनी काउंटरवरची एक तयार चाळिशी दिली आणि चेष्टा केली, की संसाराचं ओझं डोळ्यांवर आलं वाटतं. गुडघाही दुखतोय, पण ते जिन्यामुळं असेल.

रविवारची चिठ्ठी खारूनं परत पाठवली. खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं, आई तू दुसऱ्या कुणाकडून का लिहून घेतलंस?

कुणाकडूनही नाही गं. मीच लिहिलं होतं.

१३ मे

टेबलाचा खालचा खण उघडला. किल्लीवाल्याला वर बोलावलं होतं. आत तीन वह्या. तिन्हींत सह्याच सह्या, आजींच्या नावाच्या. पहिल्या वहीच्या सुरुवातीचं अक्षर टोकदार, डावीकडे कललेलं. दुसरीचं मोठं, शाळकरी. तिसरीचं डॉक्टरी गिचमिड. म्हणजे तीन निरनिराळ्या बायका. पण पानं उलटत गेलं की तिन्ही वह्यांत अक्षर सावकाश उभं राहतं, बारीक होतं, गोल होतं. शेवटच्या पानांवर तिघींचं अक्षर एकच आहे. आणि ते माझ्याही आजच्या अक्षरासारखं आहे.

तिसऱ्या वहीच्या शेवटी पत्राची सुरुवात होती. आई, मी तुझीच मुलगी आहे, अक्षरावर जाऊ नकोस. पुढं काही नाही.

किल्लीवाला निघताना म्हणाला, जपून, आजी, जिना उंच आहे.

१४ मे

आज डायरीत मुद्दाम पळतं अक्षर काढून बघतेय. हात ऐकत नाही. एक शब्द पळतो आणि पुढचा बसतो.

सोडून द्यावं हे घर. होस्टेलात परत जावं. पण मग खारू? प्रवेश या पत्त्यावर आहे. तीन आठवडे राहिलेत. तीन आठवडे दात आवळून काढायचे. खारू आली की ती मला आई म्हणेल. दिवसातून शंभरदा म्हणते ती. मग सगळं जागेवर येईल.

२० मे

इस्त्रीवाल्याला विचारलं. अकरा वर्षांत मी चौथी, असं तो म्हणाला. आधीच्या तिघी कुठं गेल्या म्हणून विचारलं, तर त्यालाच नवल वाटलं. गेल्या कुठं, इथंच असतात की. दुसऱ्या मजल्यावर आजी आहेतच कायम. मग कपड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, माणसं मला कपड्यांवरून कळतात, येताना तरण्या पोरींचे कपडे येतात आणि मग हळूहळू ते यायचे बंद होतात.

मला पळता आलं नाही. गुडघे.

२७ मे

दुकानात गेले. उशीर झाला; अकरा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. काउंटरमागं जायला लागले तर शेठ उठून आडवे आले. खुर्ची पुढं केली. आजी, बसा, म्हणाले, चष्मा करायचाय का?

मी म्हटलं, शेठ, मी. चार वर्षं तुमच्याकडे आहे मी.

त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तोंडातून आलं ते आजींचं नाव.

शेठ माझ्याबद्दलच तक्रार करत होते. न सांगता कामावर यायची बंद झाली, आजकालच्या मुलींना जबाबदारी कशी ती नाही. मग त्यांनी माझे डोळे तपासले. खालची ओळ वाचा, म्हणाले. मला मोठी ओळही दिसली नाही. डोळ्यांत पाणी होतं.

१ जून

कारकुनाला किल्ली परत दिली. त्यानं घेतली नाही. साठ वर्षं राहिलात, आजी, आता या वयात कुठं जाणार? अतिशय प्रेमानं म्हणाला. रजिस्टर दाखवलं. साठ वर्षांच्या सह्या, एकसारख्या. त्यांतल्या माझ्या कुठल्या ते मला ओळखता आलं नाही.

शिव्या दिल्या त्याला. आवाज पुरला नाही.

४ जून

दादाला फोन. येऊ नकोस, आणू नकोस तिला, एवढंच सांगायचं होतं. कोण बोलतंय विचारलं त्यानं. मी म्हटलं तुझी बहीण. त्यानं ठेवला.

पुन्हा लावला. वहिनी. म्हणाली, कुणीतरी म्हातारी आहे, नंबर चुकतेय.

माझं नाव—
खारूची आई. एवढं आठवतंय. एवढं पुरे.

७ जून

उद्या.
केस विंचरले. पांढरे.
ती लहान आहे. लहान मुलं वासावरून ओळखतात. हातावरून. तिची वेणी मी जशी घालते तशी कुणी घालत नाही. वेणी घालीन. मग—

८ जून

आले. दादा आणि खारू. तिच्या पाठीवर नवं दप्तर. समोरचे दोन दात पडलेत.

मी दार उघडलं. ती माझ्यामागं घरात बघत होती. मग म्हणाली, आजी, माझी आई आहे का?

हात पुढं केला. ती दादामागं लपली.

दादानं विचारलं, इथं एक चष्म्याच्या दुकानातली बाई राहते ना. मी म्हटलं मीच ती. तो खारूसमोर म्हणाला, बघितलंस, पत्तासुद्धा खोटा दिला तुझ्या आईनं. आता पुन्हा तिचं नाव काढायचं नाही.

नाही रे दादा नाही—

तो खाली इस्त्रीवाल्याला विचारायला गेलाय. ती स्वयंपाकघरात बसलीय. पाणी दिलंय. रडत नाही. फ्रॉकचं बटण कुरतडतेय.

दप्तर इथं माझ्याजवळ. ही डायरी त्यात टाकते. खारू, हे वाच. मी तुला टाकलं नाही. शेवटची पानं बघू नकोस, ते अक्षर माझं वाटणार नाही. पहिलं पान बघ. पहिलं पान मी आले त्या दिवशीचं, ते तू लगेच ओळखशील, ती अक्षरं बस पकडायला—

जिन्यावर पावलं. दादा.

पहिलं पान उघडून ठेवते तिच्यासाठी. २ एप्रिल. घर मिळालं.

नाही. हे मी— हे तर माझ्या हातानं—

तीही अक्षरं सगळी मांडी घालून