वजनं घरीच राहिली

३ मार्च, रविवार

इथेच लिहिते. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

आज प्रदर्शनात माझ्या मातीच्या कपांच्या स्टॉलचा तंबू उडाला. शेजारच्या स्टॉलवरच्या खेळणीवाल्या काकांच्या उजव्या हातावर तंबूचा लोखंडी पाय आदळला. मनगटाचा चुरा. लेथवर लाकडी खेळणी कातणारा माणूस — आणि उजवा हात!

संयोजक बाई धावत आल्या. "पायांना वजनं बांधली होती ना?"

"होती," मी म्हणाले.

नव्हती. चारही वजनं आमच्या बाल्कनीत आहेत. इथे बसल्या बसल्या दिसताहेत मला.

४ मार्च

कालची सकाळ लिहून काढते, नाहीतर उद्या मीच स्वतःला वेगळं काहीतरी पटवेन.

तंबूची पिशवी जवळजवळ माझ्याएवढी उंच. घरात दुसरीकडे मावत नाही म्हणून स्वयंपाकघराच्या दारामागे उभी असते. तीन मजले, लिफ्ट नाही. एरवी नवरा पुढे, मी मागे, अशी खाली नेतो. पण याची कंबर धरलीय, पंधरा दिवस अंथरुणावर. मी एकटीने पायरी-पायरीने घसरवत नेली. मग कपांची तीन खोकी. तोवर पायांत गोळे आले होते. राहिली ती वजनं — सिमेंट भरलेले पाइपचे तुकडे, एकेक पंधरा किलोचा.

खिडकीतून बघितलं. "पान हलत नाहीये," मी म्हणाले.

"तरी एक फेरी मार," हा पडल्या पडल्या म्हणाला.

"तूच मार ना!"

आणि गाडीत वजनांच्या जागी मी कपांचं चौथं खोकं ठेवलं. चोवीस कप. चोवीस कपांसाठी!

मैदानावर तंबू उभारायला शेजारच्या काकांनी हात दिला. दुपारी तीनला वाऱ्याचा एकच झोत आला. चारही पाय जमिनीवरून सुटले.

बाईंनी अपघाताच्या नोंदीत लिहिलं, ‘अचानक वावटळ.’ मी बघत होते.

६ मार्च

हॉस्पिटलमध्ये गेले. ऑपरेशन झालंय, हातात धातूची पट्टी आणि स्क्रू. काकूंनी मला मिठीच मारली. "तुम्ही तरी आलात! एवढे सगळे स्टॉलवाले, पण कोणी फिरकलं नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ मार्च

घरभर कुबट वास. त्या दिवशी निघताना पाऊस आला आणि तंबू ओलाच कोंबला होता. आज पिशवी उघडली. छताच्या कापडावर काळे ठिपके. एक पाय इतका वाकलाय की सांगाडा धड मिटत नाही आणि पिशवीची चेन लागत नाही. कापड जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलं, तर खालच्या वहिनी वर आल्या. "जिना आहे की धोबीघाट?" बरोबरच आहे त्यांचं.

हा म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाक. हात होत नाही. पुरावा पुसल्यासारखं वाटतं. पण दारामागे पुन्हा उभा केला, की भाकरी थापतानाही पाठीमागून कोणीतरी बघतंय असं वाटतं.

१० मार्च

कप घडवायला चाकावर बसले. एक कप उभा राहिला नाही.

१६ मार्च

याला म्हणाले, मी काकांना खरं सांगून टाकते.

"सांगून त्यांचा हात बरा होणार आहे का? झाकली मूठ झाकलेलीच राहू दे."

मी भांडी घासायला उठले. परत आले तेव्हा तोच म्हणाला, "मी उठायला हवं होतं त्या दिवशी."

"उठता येत होतं का तुला?"

"प्रयत्न तर केला असता."

म्हणजे हाही रोज तेच चघळतोय. एका घरात दोघं, आणि दोघंही एकटे.

२२ मार्च

काका घरी आलेत. मी एक दिवसाआड जाते. भाजी चिरून देते, काकूंना बाजारात जायला मोकळीक. काका डाव्या हाताने चमचा धरायला शिकताहेत. अर्धा वरण-भात शर्टावर. तर म्हणतात, "ताई, लोक म्हणतात ना, हे तर माझ्या डाव्या हातचा मळ! आता माझं सगळंच डाव्या हातचा मळ."

काकू हसून हसून डोळे पुसायला लागल्या. मीही हसले. हसले मी! लाज कशी वाटली नाही?

१३ एप्रिल

प्लास्टर काढलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, कातकाम विसरा.

घरी येऊन काकांनी कातायची पटाशी हातात घेतली. पडली. काकूंनी उचलून दिली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा काकू वाकल्याच नाहीत.

परत आले आणि आमच्याच जिन्यात बसून राहिले. वर चढायचं बळ नव्हतं. खरं तर खालीही जायचं नव्हतं. कुठेच नको होतं.

१५ एप्रिल, सोमवार

सांगितलं.

काकू औषधं आणायला गेल्या होत्या. एका दमात बोलून टाकलं — वजनं, कप, "होती" म्हणाले ते. काका आपल्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "चहा गार झाला तुमचा, ताई."

बस्स. एवढंच!

तिथून तशीच संयोजक बाईंच्या ऑफिसात गेले. त्यांनाही सांगितलं. त्यांनी पुढच्या प्रदर्शनाच्या यादीतून माझं नाव खोडलं. "तुमच्या शब्दावर मी सही केली होती," म्हणाल्या. आणि, "त्यांच्या बायकोला मी कळवते."

१७ एप्रिल

कोणाचा फोन नाही. आज जायचा दिवस होता. गेले नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

१८ एप्रिल

काकू आल्या. तीन मजले चढून, धापा टाकत. आत या म्हटलं, तर दारातच उभ्या.

"त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सकाळी तुमच्याबरोबर तंबू त्यांनीच उभा केला, वजनं नाहीत हे बघितलं, आणि बोलायचं राहून गेलं म्हणतात. मला मात्र इतके दिवस चकार शब्द नाही. कळलं असतं तर मी तुम्हाला घरात घेतलं नसतं म्हणून."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नसतंच घेतलं," काकू म्हणाल्या. मग तांब्या हातात घेऊन, "कालपासून तीनदा विचारलंय त्यांनी, ताई का नाही आल्या. चपला घाला."