सत्तेचाळीस निळे पडदे

३ मे, मंगळवार

राजधानीतून, बिश्केकहून, आदेश आला. पाणीवाटप कार्यालयातल्या प्रत्येक संगणकाच्या पडद्यावर एकच चित्र हवं — निळं, मधे खात्याचं चिन्ह. २० तारखेच्या आत. मी दोनदा मोजले. सत्तेचाळीस.

आमच्या साहेबांनी, मेदेर-बाइकेंनी, आत बोलावलं. बस म्हणाले नाहीत. "कुबात, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस झाले की तुझं नाव कायमच्या यादीत. डिप्लोमा नसला तरी."

साहेब असं आपणहून कधी बोलत नाहीत. तंत्रशाळा मी दुसऱ्या वर्षीच सोडली, बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा. गेली दोन वर्षं तीन-तीन महिन्यांच्या कराराच्या कागदावर काढतोय. तिसरा महिना लागला की कॅलेंडरवर उरलेले दिवस मोजतो. आता तिसराच चालू आहे.

४ मे, बुधवार

बावीस झाले. लोक असे बघतात, जसं काही मी त्यांच्या घरच्या भिंतीवरचे फोटो उतरवतोय. गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या जोमार्त-बाइकेंच्या पडद्यावर त्यांचा तांबडा घोडा होता.

"माझ्या घोड्यानं सरकारचं काय खाल्लं रे?"

आदेश आहे, म्हटलं.

"मग ब्रश घे आणि घोड्यालाच निळा रंगव!"

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा. निघताना त्यांनीच मूठभर बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, माझ्या खिशात कोंबले. खिसा तेलकट झाला.

६ मे, शुक्रवार

काल सुट्टी होती. आज बघतो तर नऊ पडदे परत जसेच्या तसे! घोडा, सरोवर, कुणाची नात. कंटाळलो. शेवटी सर्व्हरवरूनच कुलूप लावलं — आता चित्र बदलायची सोयच बंद.

दुपारी माझ्या खुर्चीवर चिठ्ठी. "निळ्या, घरी बायको आली की तिलाही निळी करशील." दोन अशुद्ध शब्द होते. ते दुरुस्त केले. का केले कोण जाणे.

१० मे, मंगळवार

शेहेचाळीस. राहिला एक — सेयदे-एजेंचा.

एजे, आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, सव्वीस वर्षं वाटपाच्या टेबलाशी आहेत. फोनवरून कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं ते सांगतात. त्यांच्या पडद्यावर कसलं चित्र नाही, तक्ता आहे. एकतीस चाऱ्यांची पाळी, त्यांच्या हाताची. आमच्या पाटावर वसंतात म्हातारे बसतात, मेंढीच्या घोट्याची हाडं फेकून पाळी काढतात. एजे लिहून घेतात. तो कागद मग पहिल्या पाण्यात सोडतात, म्हणजे पुन्हा कुणी खाडाखोड मागायची नाही. त्याआधी एजे त्याची प्रत यंत्रावर घेतात आणि पडद्यावर लावतात. एकदा काढलेली पाळी त्या हंगामात परत काढत नाहीत.

"एजे, तक्ता फाईलमध्ये ठेवा ना."

"फाईल उघडेपर्यंत वरच्या चारीवाला मला शिव्या घालून मोकळा होतो, लेकरा. मान वर केली की दिसलं पाहिजे."

खरं आहे त्यांचं.

११ मे, बुधवार

मेदेर-बाइकेंना म्हटलं, एवढा एक सोडून देऊ या. ते वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "सत्तेचाळीस म्हणजे किती?"

सत्तेचाळीस, म्हटलं.

"मग?"

१२ मे, गुरुवार

एजे बहिणीकडे काराकोलला गेल्यात, मंगळवारपर्यंत. त्यांच्या जागी फोनवर जोमार्त-बाइके.

मी सगळं नीट केलं. आधी त्यांचा तक्ता शोधला — फोल्डरमध्ये 'पाळी-नवी' होता. तो छापला, प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला, टेबलाच्या काचेखाली सरळ रेषेत ठेवला. पडद्यावर होता त्यापेक्षा मोठ्या अक्षरांत! एजेंना आवडेल. मग निळं चित्र लावलं.

१३ मे, शुक्रवार

अहवाल पाठवला. ४७ पैकी ४७. थकलोय, पण आज उरलेले दिवस मोजले नाहीत.

१७ मे, मंगळवार

कसं लिहू.

सकाळी वरच्या आणि मधल्या चारीवर मारामारी. जोमार्त-बाइकेंनी काचेखालचा तक्ता वाचून मधल्या चारीला पाणी दिलं. पाळी वरच्या चारीची होती. वरच्या चारीच्या सत्तारनं पाण्याचं दार फिरवायला हात घातला, मधल्या चारीवाल्यानं फावडं मारलं. सत्तारची दोन बोटं गेली. त्याच्या चाळीस गुंठ्यांना राजम्याच्या पेरणीआधीचं पाणी मिळालंच नाही.

तक्ता पुन्हा पाहिला. कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख — गेल्या वर्षीची. 'नवी' होती, पण गेल्या वर्षी. या वर्षीचा कागद एजेंनी थेट पडद्यावर लावला होता आणि जागा अडते म्हणून मूळ फाईल या वेळी पुसून टाकली होती. पडद्यावरचा एकच होता. त्यावर मी निळं चित्र लावलं.

एकतीस ओळी, तेच अक्षर. मी तारीख सोडून सगळं पाहिलं होतं.

१८ मे, बुधवार

एजे काल संध्याकाळी परतल्या. आज खुर्चीत बसल्या, काचेखाली पाहिलं. ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं.

"अरे, एक फोन करायचा होतास मला."

तेवढंच. मग फोन उचलला आणि आठवणीनं एकेका चारीची पाळी सांगायला लागल्या. चौदाव्यानंतर अडकल्या. मधल्या चारीचा म्हातारा पलीकडून म्हणत होता, "सेयदे, तुझी आठवण आम्हाला पुरावा नाही." खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसल्या.

१९ मे, गुरुवार

रात्रभर तळमळलो. सकाळी एका पानात सगळं लिहिलं — तक्ता मी बदलला, जुना मी ठेवला, एजेंचा दोष नाही. दोनदा वाचून मेदेर-बाइकेंना दिलं.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "अक्षर चांगलं आहे तुझं. शुद्धलेखनही."

"साहेब, मारामारीच्या चौकशीत हे —"

"तक्ता कुणाच्या हातचा आहे?"

एजेंच्या, म्हटलं.

"दुसरी प्रत न ठेवता गावाला कोण गेलं?"

मी पानातली पहिली ओळ बोटानं दाखवली.

"सत्तेचाळीस झाल्याचं बिश्केकला मी कळवलंय. त्यात आता भोक पाडायचं का?" पान घडी घालून खणात टाकलं. चहा मागवला, माझ्यासाठीही. मी प्यायलो. का प्यायलो?

२० मे, शुक्रवार

सत्तारला बघायला दवाखान्यात गेलो. दारातूनच परतलो. त्याची बायको बाकावर कुरुत, वाळवलेल्या दह्याची गोळी, चघळत बसली होती. मी कोण ते तिला माहीत नाही.

२३ मे, सोमवार

आदेश आला. मी कायम झालो. जागा — वाटपाचं टेबल, सेयदे-एजेंच्या ऐवजी. त्या अजून बसल्यात तिथे, त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सांगायचं कामही आदेशात माझ्याच नावावर आहे.