'दुसरे नाव' हा रकाना पुसू नये

प्रति,
मा. सहायक संचालक,
बंद शाळा अभिलेख केंद्र, औरंगपुरा,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : दस्तऐवज प्रणालीतील 'दुसरे नाव' हा जादा रकाना उद्या सायंकाळी पाच वाजता न पुसणेबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १८ ऑगस्ट २०२५.

महोदय,

नोटिशीत 'असा रकाना तयार करण्याची गरज काय होती' अशी विचारणा झाली आहे. अर्जदार या केंद्रात चोवीस वर्षे अभिलेखपाल आहे. गरज दोन ओळींत सांगून होईल असे तिला वाटले होते. झाली नाही.

१. आपल्याकडे बंद पडलेल्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे आहेत. गेल्या वर्षी ती स्कॅन होऊन संगणकात गेली आणि शोधायला चार रकाने मिळाले : नाव, गाव, इयत्ता, वर्ष. चिकलठाण्याच्या प्रशिक्षणात झीशान सरांनी "मॅडम, और जो होना वो फील्ड तुमीच बना लेव" असे सर्वांसमक्ष सांगितले होते. अर्जदाराने ते मनावर घेतले, एवढाच तिचा मूळ गुन्हा.

२. दि. ११ रोजी वैजापूर तालुक्यातून श्रीमती केसरबाई दाभाडे तिसऱ्यांदा आल्या. त्यांची नात करुणा हिचा नर्सिंगचा प्रवेश जात पडताळणीवाचून अडला आहे, आणि त्यासाठी आजोबा धोंडिबा यांचा शाळेचा उतारा २२ तारखेच्या आत हवा आहे. प्रणालीने तिन्ही वेळा 'या नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही' असे उत्तर दिले. त्यावर केसरबाईंनी शांतपणे विचारले, "अस्तित्वात नाय म्हंजे? मग सकाळी माझ्याकडून दोनदा चहा घेतला त्यो कोण?" याचे उत्तर भरायला प्रणालीत सोय नव्हती.

३. अर्जदाराने मग मूळ रजिस्टरच काढले. १९६१ साली गुरुजींनी नावाच्या रकान्यात 'कडुबा' लिहिले होते आणि समासात लाल शाईने 'ऊर्फ धोंडिबा', खाली सही. केसरबाई म्हणाल्या, "आधीची दोन लेकरं गेली व्हती. म्हणून सासूनं ह्यांना कडू ठिवलं. कडू घास कोण उचलतंय?" स्कॅन करणाऱ्यांनी रकाने टिपले, समास सोडून दिला. अर्जदाराने दुसऱ्याच दिवशी रकाना तयार केला आणि चार दिवस डबा टेबलावरच खाऊन समास चाळले, तेव्हा अशी २१४ माणसे सापडली. त्यांना आत घेण्यासाठीच हा रकाना होता.

४. इथपर्यंत अर्जदाराचे काही चुकले नाही. चूक झाली ती रकाना तयार करताना. 'अनिवार्य' आणि 'सर्व दस्तऐवजांना लागू' असे दोन रिकामे चौकोन समोर आले. रिकामा चौकोन ठेवलेला अर्ज हमखास परत येतो, हे चोवीस वर्षांत हाडीमाशी खिळलेले; तिने दोन्हींत खूण केली. परिणामी १२ तारखेपासून केंद्रातला कोणताही कागद दुसरे नाव सांगितल्याशिवाय आत जाईना. लिपिक राजेंद्र यांनी वीजबिलापुढे 'शॉक' भरले आणि वॉटर कूलरच्या दुरुस्ती प्रस्तावापुढे 'गेला बिचारा'. आस्थापनेच्या सोनिया मॅडमनी वार्षिक तपासणीपुढे जे भरले ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

५. १४ तारखेला आपण स्वतःचा रजेचा अर्ज प्रणालीत चढवला. आपणांसही दुसरे नाव भरावे लागले आणि आपण सचोटीने खरे तेच भरले. छापताना ते मथळ्यावर ठळक अक्षरांत आले. प्रिंटर राजेंद्र यांच्या टेबलाशेजारी आहे, याला अर्जदार जबाबदार नाही. त्यानंतरच्या पहिल्याच कामाच्या दिवशी नोटीस निघाली, हा योगायोग मानायला मात्र ती तयार आहे.

६. ते नाव अर्जदार इथे लिहीत नाही. कडुबाच्या पंगतीत बसणारे ते नाव आहे, एवढेच. लोक हसले हे खरे. अर्जदारही हसली, आणि घरी जाताना रिक्षात तिला फार वाईट वाटले. साहेब, असे नाव कुणी हौसेने ठेवत नाही. ज्या आईने ते ठेवले तिने आधी काही गमावले असणार, आणि हे लेकरू तरी राहावे म्हणून त्याला जगापुढे मुद्दाम हिणवले असणार. अर्जदाराच्या आईनेही तीन लेकरे गेल्यावर चौथी मुलगी पाच घरांतून पदर पसरून, भीक म्हणून मागून घेतली आणि नावही तसेच ठेवले. त्या मुलीला आता निवृत्तीला सहा वर्षे उरली आहेत, म्हणजे नावाने आपले काम केले.

७. सबब विनंती की, 'अनिवार्य'ची खूण काढावी, रकाना दाखल-खारीज रजिस्टरांपुरता ठेवावा, आणि धोंडिबा ऊर्फ कडुबा यांच्या उताऱ्यावर उद्या पाचच्या आत आपली डिजिटल स्वाक्षरी व्हावी. रकाना पुसला गेल्यास २१४ माणसे पुन्हा अस्तित्वात नसतील, करुणाचा प्रवेश जाईल, आणि केसरबाई चौथ्यांदा येतील. त्या वेळी त्यांना कोणाकडे पाठवायचे, तर अर्जदाराने आपले दालन सुचवून ठेवले आहे.

चौकोनांबद्दल जी कारवाई होईल ती अर्जदारास मान्य आहे. हा अर्ज आवक करताना प्रणालीने तिलाही सोडले नाही, म्हणून सहीखाली तेही लिहिले आहे.

सोबत :
(१) १९६१ च्या रजिस्टरातील पानाची प्रत, समासासह.
(२) २१४ नावांची यादी.
(३) आपल्या रजेच्या अर्जाची एकमेव छापील प्रत, राजेंद्र यांच्याकडून काढून घेऊन, बंद पाकिटात.

दि. १९ ऑगस्ट २०२५

आपली नम्र,
(सही)
बिल्किस याह्या पटेल,
अभिलेखपाल
दुसरे नाव : भिकनबी