बाहुलीचा अंगरखा

शुक्रवार, २१ मार्च

प्रिय ठमे,

खुशाल असशीलच. पेपरात फोटो येणाऱ्या माणसाला काय धाड भरलीये! आईचा गुडघा दुखतोय, ह्यांचा खोकला थांबला. फोनवर मी ओरडेन आणि तू ठेवून देशील, म्हणून लिहितेय.

काल संध्याकाळी ऑफिसातून परस्पर तुझं कागदकलेचं प्रदर्शन बघायला गेले. झाडांना नवी पालवी आलीये, हवा छान होती, लोक रमतगमत चालले होते. बोलावणं नव्हतंच. सख्ख्या बहिणीचं प्रदर्शन, आणि मला कळतं शेजारणीकडून!

आत शिरले आणि डोकंच फिरलं. आईचे कटिंगचे खाकी कागद! जन्मभर ज्यांवरून तिने गावाचे फ्रॉक आणि शर्ट बेतले, ते तू जाळी पाडून, आत दिवे लावून छताला टांगलेस. 'सांभाळते' म्हणून ट्रंक नेली होतीस ना? असं सांभाळतात? सुंदर दिसत होते, कबूल. त्याचा तर जास्तच राग आला.

आईला सांगितलं, तर म्हणते, "कापू दे गं. माझ्याकडून आता कुठे शिवण होतेय?" तिला तुझे सात खून माफ.

पण कोपऱ्यात ते इवलंसं झबलं होतं. खाली पाटी, 'बाहुलीचा अंगरखा'. शेजारी लाल टिकली. तिथली बाई म्हणाली, "ते विकलं गेलंय, मॅडम. रविवारी प्रदर्शन संपलं की घेऊन जातील."

अगं, आपल्या घरात बाहुलीसाठी कागद कधी कापला गेला? चिंध्या गुंडाळायचो आपण! आई कागदांवर नावं लिहीत नसे, आकारावरून माणूस ओळखायची. तुला ओळखता येत नव्हतं, तर विचारायला तोंड नव्हतं?

तू हॉस्टेलवर होतीस. मला सातवा लागला होता. आईने हौसेने तो कागद बेतला. पुढच्याच आठवड्यात हॉस्पिटलातून मी एकटी परत आले, आणि तुला सगळ्यांनी सांगितलं, 'ताईला जरा बरं नव्हतं'. मीही तेच सांगितलं. झबल्याचं कापड कधी कापलंच नाही. माझ्या बाळाचा म्हणून जगात तेवढा एक कागद आहे, ठमे.

विकत घेणाऱ्याच्या हातापाया पड, खोटं बोल, त्याला दुसरे दोन दिवे दे, काय वाटेल ते कर. भोकं पाडलेला असला तरी चालेल मला.

रविवारी वाट बघते. रिकाम्या हाताने येऊ नकोस.

ताई