डावीकडचं दार

३ जानेवारी, सकाळी
आजपासून काचेच्या डब्यांसारख्या इमारती डिझाइन करणार नाही. फक्त खांब, कमानी, सिमेट्री. (काचेचे डबेही आजवर कुणी दिले नव्हते, पण तत्त्व ते तत्त्व.) बायको म्हणाली, आधी दूध आणा. आणलं.

१९ जानेवारी
पहिलं काम! मेहुण्याचा दातांचा दवाखाना. त्याला दोन खोल्या आणि एक दार पुरे आहे. दंतवैद्याची झेप तेवढीच. मी आठ खांब सांगितले, चारावर मिटलं. दर्शनी भिंतीवर माझ्या नावाची पितळी पाटी लागणार, हे मात्र कबूल करून घेतलं. आयुष्यात दुसरं काही नको.

७ फेब्रुवारी
घात झाला. दार उजवीकडे, आणि डावीकडे नुसती भिंत! जेवण गेलं नाही. मग सुचलं: डावीकडे हुबेहूब तसंच खोटं दार. कडी, बिजागऱ्या, उंबरठा, सगळं. मागे भिंत. मेहुण्याचं म्हणणं, लोक गोंधळतील. म्हटलं, जाणकार गोंधळत नाही. बायको मध्ये पडली. कुणाच्या बाजूने, ते कळलं नाही.

२२ एप्रिल
उद्घाटन. पाहुण्यांनी फीत कापली, दार ढकललं. पुन्हा ढकललं. मंडपवाल्याने फीत डावीकडे बांधली होती. लोकांना नजरच नाही.

१० जून
पेशंट अजून डावीकडेच कडी वाजवतात. मेहुण्याने ‘दार पलीकडे आहे’ असा कागद चिकटवला. मी फाडला. त्याने पुन्हा चिकटवला. आज पुन्हा फाडला. पाटीचं विचारलं. टाकलीय म्हणे करायला, ठसठशीत अक्षरांत.

११ जून, दुपारी
पहाटेपासून दाढ ठणकतेय. डोळ्यांपुढे काजवे. कसाबसा दवाखाना गाठला, कडी धरली, ढकललं. उघडेना. खांदा लावला. पायरीवर एक आजी गाल धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ते दार खोटं आहे रे बाबा. मीसुद्धा फसले. कुणाचं डोकं चाललं असेल देव जाणे."

"खरंच," मी म्हटलं, "कोण असेल?"

तेवढ्यात उजवं दार उघडून मेहुणा बाहेर आला. हातात पाटी, लखलखीत. अक्षरं आजींना चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी. भाऊजी, बरे आलात, म्हणाला. कुठे ठोकू?

म्हटलं, आधी दाढ बघ. पाटीची घाई नाही.