पेरूचा काढा आणि झाकणावरचं फळ

तीर्थस्वरूप काळूरामदादांस,

बोळिंजहून तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात तो कमरेपर्यंतच येतो, बाकीचा पोचला असं समजावं). वहिनींचा खांदा, चि. भूपेशचा धंदा आणि वाडी मोडून आपण काढलेला लग्नाचा लॉन, तिन्हींची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. आम्हीही इकडे सुखरूप आहोत, म्हणजे माणसं आहेत, झाडाचं लिहितो. फोनच केला असता, पण आमचं घर एवढंसं आणि हेमांगीचे कान तुमच्या माहितीतले. म्हणून पत्र.

झाड म्हणजे पेरूचं. आमची इमारत नवी होती तेव्हा हेमांगीनं तुमच्या बाबांच्या पेरूचं कलम आणून कुंपणाशी लावलं होतं, ते. मूळ झाड आपण लॉनसाठी काढलंत, तेव्हापासून त्या पेरूचं हे एकच उरलं आहे. तेव्हापासूनच हेमांगी भाऊबीजेलाही आपल्याकडे आलेली नाही, पण याची आठवण मी मुद्दाम करून देत नाही, ओघात आली.

तर या पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीनं नोटीस लावली की त्या जागी गाड्या उभ्या करायच्या, सबब झाड काढण्याचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येईल. आमचे चेअरमन संग्रामराव देशावरचे. त्यांना मोकळी जागा दिसली की चुना टाकून पट्टे मारावेसे वाटतात. हेमांगी नोटीस वाचून वर आली. दादा, ती बोलते तेव्हा मला काळजी नसते. त्या दिवशी तिनं कुकर चढवला आणि खाली गॅस पेटवायचाच विसरली. मला फार वाईट वाटलं. झाड वाचवायचंच असं मी ठरवलं आणि निवृत्त माणसाकडे जे एकमेव हत्यार असतं ते उपसलं, म्हणजे लोकांना माहिती दिली.

तुमचे बाबा मला ओटीवर बसवून पेरूचे गुण सांगत (मी जावई असल्यामुळे उठून जाता येत नसे). कोवळी पानं चावली की तोंड आलेलं बरं होतं. पाला उकळून गुळण्या केल्या की दाढ शांत होते. शेंड्यांचा काढा घेतला की सुटलेलं पोट बांधतं, आणि पिकलं फळ बियांसकट खाल्लं की बांधलेलं पोट सुटतं. चुलीच्या राखेत भाजलेला पेरू मीठ लावून खाल्ला तर खोकला जातो. हे सगळं मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सविस्तर टाकलं. वर टँकरची सूचना होती आणि खाली कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, त्यामुळे मधलं कोणी वाचलं नाही. पण त्याच रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या अश्लेषाची दाढ ठणकली. दातांचा डॉक्टर बंद, म्हणून तिनं नाइलाजानं गुळण्या केल्या आणि संध्याकाळी ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी बारशाला असतात तितक्या चपला होत्या.

मी काढा करू लागलो. लोक आपापले डबे पाठवत, मी भरून परत करी. आता आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. डब्यात काढा असे हे खरं, पण नुसतं औषध कोणाच्या घरी पाठवणं हे काही शुभ नाही (ही माझ्या आईची शिकवण, तिनं खोकल्याच्या अडुळशाबरोबरही खडीसाखर पाठवली आहे). म्हणून मी प्रत्येक डब्याच्या झाकणावर एक पिकला पेरू ठेवत असे. पेरू झाडालाच होते, सोयीचं पडलं.

यात चूक काय झाली ते आपण वाडीवाले असल्यामुळे आपल्या केव्हाच लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. संग्रामरावांचं पोट बिघडलं, त्यांचा डबा आला. काढ्यानं पोट थांबलं. आराम पडल्यामुळे त्यांनी झाकणावरचा पेरू बियांसकट खाल्ला. पोट सुटलं. त्यांनी पुन्हा डबा पाठवला. पुन्हा काढा गेला, आणि झाकणावर, रीतीप्रमाणे, पेरू. औषध लागू पडतंय पण टिकत नाही अशी त्यांची तक्रार होती. मी डोस वाढवला, आणि आजारी माणूस म्हणून पेरूही मोठा निवडला. त्यांची पँट सैल होईपर्यंत हे चाललं. शेवटी हेमांगीनं एकदा झाकण पाहिलं, कपाळावर हात मारून घेतला आणि पेरू काढून तिथं मूठभर कुरमुरे ठेवले.

मधल्या काळात काढ्याची कीर्ती पार आचोळे गावापर्यंत पोचली. कोणाकोणाचे पाहुणे रिक्षानं येऊन पाला ओरबाडून नेऊ लागले. हात पोचेल तिथवर झाड बोडकं झालं. मी मात्र खूश होतो, कारण ज्या झाडानं इतक्या जणांची पोटं सांभाळली त्यावर कुऱ्हाड घालायला कोण हात वर करणार?

सगळ्यांनी केला. सभेत आधी भाषणं झाली. अश्लेषानं दाढेचा अनुभव सांगितला, टाळ्या पडल्या. संग्रामरावांनी तर मोठ्या मनानं आभार मानले. मग ते म्हणाले, “औषध मेडिकलात मिळतंय वो, पार्किंग कुठं मिळतंय?” झाडाच्या बाजूनं दोनच हात आले, एक माझा आणि एक तळमजल्यावरच्या ॲन्सेल्मचा (तो पंखा कमी करा सांगत होता, पण मोजला गेला). हेमांगीनंही हात वर केला होता. एका फ्लॅटला एकच मत म्हणून तिला तो खाली घ्यायला सांगितलं. तो हात खाली येताना मी पाहिला, दादा, आणि मला सभेतून उठून जावंसं वाटलं. तूर्त महानगरपालिकेची परवानगी यायची आहे, तोवर झाड उभं आहे.

वहिनींना नमस्कार, भूपेशला आशीर्वाद.

आपला,
दिगंबर

ता. क. – पत्राचं कारण लिहायचं राहिलं. फांदीची साल गोल काढून, ओलं शेवाळ बांधून तिला मुळं फोडण्याची गुटी आपल्यासारखी कोणाला बांधता येत नाही. मी बांधलेली वाळली. तर एकदा येऊन बांधून द्याल का? झाड जाईल, पण ते कुठंतरी असावं. हेमांगीला असं गप्प गप्प झालेलं मला बघवत नाही. मी बोलावल्याचं तिला कळू देऊ नये. त्या झाडाला तुमचा हात लागू देणार नाही असं ती म्हणाली आहे, तेव्हा लॉनची जाहिरात करत इकडे आलो होतो असं काहीतरी सांगावं.

दुसरा ता. क. – पाकीट चिकटवायला गोंद सापडत नाही. हेमांगीला विचारून येतो.

दादा, मी हेमांगी. हे गोंद मागायला आले तेव्हाच मी समजले, पत्र तुला हाय. वाचला सगला. गुट्या मी नोटीस लागली त्याच आठवड्यात शिडी लावून बांधल्यात, दोन, वरच्या फांदीला, कोनाचा हात पोचत नाय तिथं. मुळं धरलीत. यांना सांगितलं नाय, काढ्यात गुंतले होते ते बरं होतं. एक कलम माझ्या खिडकीत कुंडीत ऱ्हाईल. दुसरं घेऊन भाऊबीजेला मी येते. बाबांच्या झाडाच्या जागी तू आता नवरानवरीच्या खुर्च्या मांडतोस म्हने. त्या जरा सरकव, आन खड्डा खनून ठेव.